हार्ड डिस्क पुसायला गेलं की ती पासवर्ड का मागते, आणि तो आठवत नसेल तर काय करायचं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ टाकायचं तर टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेनं नवा प्रोसेसर लागतो. ज्या लॅपटॉपमध्ये हे नाही, ते व्यवस्थित चालत असूनही जुने ठरले. तेव्हापासून कितीतरी घरांत आणि छोट्या ऑफिसांत एकच प्रश्न आहे. हे मशिन विकायचं, कुणाला द्यायचं की भंगारात काढायचं?

विकताना एक सल्ला सगळेच देतात, 'आधी डेटा नीट पुसून टाक.' सल्ला बरोबर आहे. पण पुसायला बसलं की गाडी पासवर्डवर अडते. कुठे बायोसचा पासवर्ड हवा असतो, कुठे ४८ अंकी रिकव्हरी की, कुठे डिस्क 'लॉक्ड' म्हणते तर कुठे 'फ्रोझन'. अर्धा तास झटापट करून माणूस कंटाळतो आणि लॅपटॉप आहे तसा देऊन टाकतो.

माझंही हेच होणार होतं. कॉलेजपासून वापरलेला लॅपटॉप विकायला काढला होता. त्यात माझे फोटो होतेच, शिवाय आई-बाबांच्या आधार आणि पॅनचे स्कॅन, बँकेची स्टेटमेंट आणि कामासाठी घेतलेल्या मुलाखतींची रेकॉर्डिंग्ज होती. एका टूलनं डिस्क पुसायला लावली आणि मध्येच लाईट गेली. जुन्या लॅपटॉपची बॅटरी कधीच संपलेली, त्यामुळे तो लगेच बंद पडला. परत सुरू केला तर डिस्क माझ्याकडेच पासवर्ड मागायला लागली. मी तर पासवर्ड लावलाच नव्हता.

दुकानदाराला दाखवलं तर तो म्हणाला, "असू द्या ताई, लॉक आहे ना? मग कोण उघडतंय."

हे वाक्य अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं समजून घ्यायला हा लेख.

लॉक म्हणजे पुसलेलं नाही

आपण 'पासवर्ड' हा एकच शब्द वापरतो, पण प्रत्येक पासवर्ड वेगळ्या दारावर बसलेला असतो. विंडोज सुरू होताना जो पिन आपण टाकतो, तो विंडोजच्या दारावर असतो. एन्क्रिप्शन नसेल, तर कुणीही स्क्रू काढून डिस्क बाहेर काढू शकतं. साध्या यूएसबी केबलनं ती दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की पिनचा काही संबंध राहत नाही. फाइल्स समोर दिसतात.

फाइल डिलीट करून रिसायकल बिन रिकामा केला किंवा क्विक फॉरमॅट मारला, तरी साध्या हार्ड डिस्कवर मूळ माहिती बरीचशी जागेवरच असते. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली तर धडे जात नाहीत, तसं.

हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या दोन संशोधकांनी नोव्हेंबर २००० ते ऑगस्ट २००२ या काळात १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यातल्या १२९ वाचता आल्या. आधीच्या मालकानं नीट पुसलेल्या किती निघाल्या? फक्त १२. बाकीच्यांत पत्रं, वैद्यकीय माहिती आणि हजारो क्रेडिट कार्ड नंबर होते.

बरं, ही चूक फक्त घरगुती लोक करतात असं नाही. मॉर्गन स्टॅनलीसारख्या बड्या वित्तीय कंपनीनं जुने सर्व्हर आणि हजारो हार्ड डिस्क निकाली काढायचं काम एका सामान हलवणाऱ्या कंपनीला दिलं. डेटा नष्ट करण्याचा त्या कंपनीला काहीच अनुभव नव्हता. काही उपकरणं पुढे विकली गेली आणि इंटरनेटवरच्या लिलावात पोचली, ग्राहकांच्या माहितीसकट. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशननं कंपनीवर साडेतीन कोटी डॉलरचा दंड लावला. सुमारे दीड कोटी ग्राहकांच्या माहितीचा हा प्रश्न होता. कंपनीनं आरोप मान्य किंवा अमान्य न करता दंड भरायची तयारी दाखवली.

त्या आदेशातली एक गोष्ट आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहे. काही उपकरणांमध्ये एन्क्रिप्शनची सोय होती, पण ती कित्येक वर्षं चालूच केली नव्हती. कुलूप घरात पडून होतं, दाराला लावलं नव्हतं.

आधी ओळखा, कोणता पासवर्ड अडवतोय

डिस्क पुसताना अडवणारे पासवर्ड मुख्यतः चार. प्रत्येकाचा उपाय वेगळा, म्हणून आधी आपल्यासमोर कोणता आहे ते ओळखायचं.

पहिला, विंडोजचा लॉगिन पासवर्ड. तो विसरला असाल तरी पुसायचं काम अडत नाही. लॉगिनच्या स्क्रीनवर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा. मग ट्रबलशूट, रीसेट धिस पीसी आणि रिमूव्ह एव्हरीथिंग निवडा. पुढे फक्त फाइल्स काढायच्या की ड्राइव्ह पूर्ण साफ करायची असं विचारलं जातं. विकायचं असेल तर दुसरा पर्याय. वेळ जास्त लागतो, पण साध्या हार्ड डिस्कवर फरक तिथेच पडतो.

दुसरा, बायोसचा पासवर्ड. पेन ड्राइव्हवरून पुसायचं टूल सुरू करायचं असतं आणि बायोस आत शिरू देत नाही. हा पासवर्ड मशिनचा असतो, डिस्कचा नाही. डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की ती तिथे पुसता येते. मदरबोर्डवरची छोटी बॅटरी काढण्याची युक्ती जुन्या डेस्कटॉपवर चालायची, पण बऱ्याच लॅपटॉपमध्ये पासवर्ड अशा चिपमध्ये असतो की बॅटरी काढून काही होत नाही. तिथे खरेदीची पावती घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाणं हाच सरळ मार्ग.

तिसरी, बिटलॉकरची रिकव्हरी की. विंडोजच्या या एन्क्रिप्शनमध्ये डिस्कवरचं सगळं सांकेतिक रूपात जातं आणि गरज पडली की ४८ अंकी की मागितली जाते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, नव्यानं इन्स्टॉल करून मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की आणखी बऱ्याच मशिनवर हे एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं. त्यामुळे 'मी तर काही लावलंच नव्हतं' असं म्हणणारे लोक वाढलेत. की बहुतेक वेळा त्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. म्हणून पुसायचं काम पूर्ण होईपर्यंत अकाउंटच्या यादीतून तो लॅपटॉप काढू नका.

की मिळालीच नाही तर? डेटा परत हवा असेल तर मोठी अडचण आहे. पण डेटा पुसायचाच असेल तर अडचण जवळपास नाही. बिटलॉकर वाचण्यापासून अडवतं, पुसण्यापासून नाही. विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हवरून मशिन सुरू करा, जुनी पार्टिशन्स उडवा, आणि मग पूर्ण फॉरमॅट किंवा पुसण्याचं टूल चालवा. की एकदाही लागणार नाही.

चौथा पासवर्ड म्हणजे डिस्कचा स्वतःचा. बहुतेक लोक अडकतात ते इथे आणि मीही इथेच अडकले होते.

पुसण्याआधी पासवर्ड लावायचा?

सॅटा प्रकारच्या हार्ड डिस्क आणि एसएसडीमध्ये 'सिक्युअर इरेज' नावाची आज्ञा आधीपासूनच बसवलेली असते. ही आज्ञा मिळाली की डिस्कचा कंट्रोलर स्वतःच सगळी जागा पुसतो. एरवी विंडोजला न दिसणाऱ्या काही भागांपर्यंतही ती पोचते, म्हणून बाहेरून शून्यं लिहिण्यापेक्षा ती चांगली मानतात.

पण ती चालवण्याची अट विचित्र वाटते. आधी डिस्कला एक यूजर पासवर्ड लावायचा आणि मग तोच पासवर्ड देऊन पुसण्याची आज्ञा द्यायची. काम पूर्ण झालं की डिस्क तो पासवर्ड आपोआप काढून टाकते.

यामागचं कारण साधं आहे. एका आज्ञेत सगळी डिस्क कोरी होत असेल तर ती चुकून किंवा एखाद्या व्हायरसकडून दिली जाऊ नये. बँकेच्या लॉकरला दोन चाव्या लागतात, तसाच हा प्रकार.

गडबड होते ती पुसणं मध्येच थांबलं तर. लाईट गेली, केबल हलली किंवा कुणी घाबरून पॉवर बटण दाबलं, तर पासवर्ड लागलेला राहतो आणि पुसणं अर्धवट राहतं. मग आपण न लावलेला पासवर्ड डिस्क मागते. तो आपण नाही, टूलनं लावलेला असतो.

उपाय अगदी सोपा निघतो. त्याच टूलच्या माहितीत त्याचा ठरलेला पासवर्ड शोधायचा. उदाहरणार्थ, पार्टेड मॅजिक हे टूल कॅपिटल अक्षरांत एन, यू, एल, एल असा शब्द लावतं. तोच पासवर्ड देऊन पुसण्याची आज्ञा पुन्हा द्यायची. डिस्क सुरुवातीपासून पुसते आणि शेवटी स्वतः मोकळी होते. माझी डिस्क अशीच सुटली. दोन दिवस मी ती मेली असं समजत होते.

इथे तीन गोष्टी लक्षात ठेवा.

अंदाजानं पासवर्ड मारत बसू नका. पाच चुका झाल्या की डिस्क पुढचा कुठलाही पासवर्ड तपासतच नाही, अगदी बरोबर असला तरी. पॉवर पूर्ण बंद करून परत सुरू केली की पाच संधी पुन्हा मिळतात. बरोबर पासवर्ड देऊनही नकार येत असेल तर आधी हे करून बघा.

बायोसमधून लावलेला हार्ड डिस्क पासवर्ड बायोसमधूनच काढा. काही लॅपटॉप आपण टाइप केलेला शब्द तसाच डिस्कला पाठवत नाहीत, तो आधी बदलतात. त्यामुळे तोच शब्द दुसऱ्या मशिनवर किंवा लिनक्सच्या टूलमध्ये टाकला तर 'चुकीचा' येतो. शब्द बरोबर असतो, मशिन बदललेलं असतं.

हे काम यूएसबी केसमध्ये डिस्क घालून करू नका. या सुरक्षा आज्ञा बरेच यूएसबी अडॅप्टर नीट पुढे पाठवत नाहीत. डिस्क थेट सॅटा केबलनं जोडा आणि यूपीएस असेल तर लावा. मोठ्या हार्ड डिस्कला काही तास लागतात, आणि आपल्याकडे काही तास सलग लाईट राहीलच हे धरून चालता येत नाही.

डिस्क 'फ्रोझन' दाखवतेय

लिनक्सच्या टूलमध्ये डिस्कची स्थिती बघितली की कधीकधी 'फ्रोझन' असं दिसतं आणि कुठलीच आज्ञा चालत नाही. लोकांना वाटतं डिस्क बिघडली. बिघडलेली नसते. कॉम्प्युटर सुरू होतानाच बऱ्याच मशिनचा बायोस डिस्कला सांगतो की आता बंद होईपर्यंत कुणाकडूनही सुरक्षा आज्ञा घ्यायची नाही. एखाद्या व्हायरसनं आपल्या डिस्कला भलताच पासवर्ड लावून खंडणी मागू नये म्हणून ही काळजी.

यावर बहुतेक वेळा चालणारा उपाय म्हणजे कॉम्प्युटर स्लीप मोडमध्ये टाकायचा आणि परत जागा करायचा. जागा होताना अनेक मशिनवर ते गोठवणं निघून जातं. तेवढ्यानं जमलं नाही तर डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून बघा. काही लॅपटॉपच्या बायोसमध्येच डिस्क पुसण्याचा पर्याय असतो. तो असेल तर पहिली पसंती त्याला द्या, कारण तिथे हा प्रश्नच येत नाही.

पासवर्ड खरंच हरवला असेल तर?

सॅटा डिस्कमध्ये यूजर पासवर्डबरोबर एक मास्टर पासवर्डही असतो. तो कारखान्यात ठरतो आणि कुणी बदलला नसेल तर काही डिस्क त्यावर पुसता येतात. सुरक्षेची पातळी 'हाय' असेल तर मास्टरनं कुलूपही उघडतं. 'मॅक्सिमम' असेल तर मास्टरनं फक्त पुसता येतं, वाचता येत नाही. दोन्ही पासवर्ड माहीत नसतील तर ती डिस्क सॉफ्टवेअरनं पुसता येत नाही.

स्वतःच एन्क्रिप्ट करणाऱ्या काही नव्या डिस्कमध्ये आणखी एक सोय असते. डिस्कच्या लेबलवर ३२ अक्षरांचा पीएसआयडी कोड छापलेला असतो. तो टाकला की डिस्क आपली आतली किल्ली फेकून देते आणि कारखान्यातून आल्यासारखी कोरी होते. कोड डिस्कवरच छापलाय, मग चोराचं फावलं की, असं वाटेल. पण या कोडनं डेटा उघडत नाही, फक्त नष्ट होतो. चोराला कोरी डिस्क मिळेल, तुमचे फोटो नाही.

यातलं काहीच चाललं नाही तर डिस्क विकू नका. दुकानदाराचं 'कोण उघडतंय' हे वाक्य खोटं पडतं ते इथे. नुसत्या पासवर्डनं लॉक केलेल्या डिस्कवर, आत एन्क्रिप्शन नसेल, तर माहिती साध्या रूपात तशीच पडलेली असते. ती आज सहज वाचता येत नाही इतकंच, पण ती गेलेली नाही. अशी डिस्क मशिनमधून काढा आणि फोडा. हार्ड डिस्क असेल तर आतल्या तबकड्यांना आरपार दोन-तीन भोकं पाडा, एसएसडी असेल तर प्रत्येक चिप चिरडा. उरलेला लॅपटॉप डिस्कशिवायही विकला जातो, हजार-दोन हजार कमी येतील.

एसएसडीचं गणित वेगळं

जुन्या लेखांमध्ये डिस्कवर सात वेळा, पस्तीस वेळा लिहा असले सल्ले सापडतात. ते विसरा. साध्या हार्ड डिस्कला पूर्ण एकदा नीट लिहिलं तरी पुरतं. एसएसडीवर मात्र कितीही वेळा वरून लिहिलं तरी सगळी जागा गाठली जाईल याची खात्री नसते, कारण झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून ती माहिती आतल्या आत हलवत असते आणि काही जागा राखून ठेवते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगोतल्या संशोधकांनी २०११ मध्ये हे प्रयोग करून दाखवलं. त्यातच काही डिस्कमध्ये सिक्युअर इरेजची आज्ञाही नीट बसवलेली नव्हती असं आढळलं.

म्हणून आता भर वेगळ्या पद्धतीवर आहे. डिस्क पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्टेड ठेवायची आणि शेवटी फक्त किल्ली नष्ट करायची. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही ही पद्धत काही अटींसह मान्य केलेली आहे. नवे मॅक आणि बहुतेक स्मार्टफोन 'सगळं पुसा' म्हटल्यावर काही मिनिटांत मोकळे होतात ते यामुळेच.

एक खाच आहे. विंडोजमध्ये बिटलॉकर सुरू करताना 'फक्त वापरलेली जागा' असा पर्याय असतो. जुन्या, वापरलेल्या डिस्कवर तो निवडला तर आधी डिलीट केलेल्या फाइल्सचे अवशेष एन्क्रिप्शनच्या बाहेर राहतात. तिथे 'पूर्ण ड्राइव्ह' निवडायचं.

कायदा कुणाला लागू?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. लोकांचा डेटा सांभाळण्यात कसूर झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. तुमच्या घरगुती वापराला हा कायदा लागत नाही. पण दवाखाना, सीएचं ऑफिस, कोचिंग क्लास यांच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये इतरांची माहिती असते. तिथे 'पासवर्ड सापडला नाही म्हणून तसाच विकला' हे उत्तर पुढे महागात पडू शकतं.

घरगुती वापराला कायदा लागत नाही याचा दुसरा अर्थ असा, की तुमच्या डिस्कची काळजी तुम्हालाच घ्यायची आहे. आधारचा स्कॅन एकदा बाहेर गेला की तो परत बोलावता येत नाही.

विकायला निघालात तर क्रम असा ठेवा

आधी बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या मशिनवर उघडून बघा. बिटलॉकरची की शोधून कागदावर लिहा. बायोसमध्ये काही पासवर्ड असेल तर आठवतोय तोवर काढून टाका. मॅक असेल तर ॲपल अकाउंटमधून साइन आउट करा, नाहीतर डिस्क कोरी होऊनही मशिन नव्या मालकाला वापरता येणार नाही. मग पुसा. पासवर्ड तुम्हाला निवडायचा असेल तर सोपा, एका शब्दाचा ठेवा आणि समोर लिहून ठेवा. तो काही तासांचाच पाहुणा असतो. पुसून झालं की डिस्क उघडून ती खरंच कोरी आहे का ते तपासा.

आणि मध्ये कुठे अडलात, तर मशिन आठवडाभर कपाटात राहू द्या. जुन्या लॅपटॉपची किंमत आठवड्यात फार उतरत नाही.